पप्पांच्या बसमधलं दुसरं कार्ड

दिंडोशी, २० नोव्हेंबर २०२४

मिथुनदादा, जय भीम.

पाकीट बघून म्हणशील, हिला काय पोस्टात नोकरी लागली का. नाही लागली. मी अजून मालाडच्या त्याच लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. पत्र अशासाठी की फोनवर पप्पांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते. आईबरोबर भाजी काय केली, पाणी कधी आलं यावर अर्धा अर्धा तास बोलताना नाशिकला फुल रेंज असते, आणि ती 'तुझे पप्पा' म्हणाली रे म्हणाली की हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये. कागदाला रेंज लागत नाही. फाडायचंच असेल तर फाड, पण वाचून फाड.

पप्पांना ऑक्टोबरमध्ये पॅरालिसिसचा झटका आला, हे आईने तुला सांगितलंय. तू 'हं' म्हणालास, हेही तिने मला सांगितलं. त्या 'हं'वरून मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पोस्टमनने उघडून वाचलं तर लाज जायची.

तर डावी बाजू गेली. बोलणं बऱ्यापैकी ठीक आहे, फक्त जरा जड. डावा पाय ओढत टाकतात आणि डाव्या हाताची बोटं मिटलेली राहतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. आता जेवढा हातपाय चालवाल तेवढा परत येईल, मग येणार नाही. आणि आपले पप्पा काय करतात, तर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. व्यायाम करून घ्यायला सपना म्हणून एक मुलगी येते. गोड आहे बिचारी. ती हात धरते, पाय वाकवते, आणि पप्पा तिला म्हणतात, "बाई, उद्या या." रोज तेच. परवा आईचं डोकं फिरलं. म्हणाली, "नका करू. म्या किती दिवस भरवणार हाय ते बी बघा मग." त्यावर पप्पांनी नुसती चादर वर ओढली. दादा, आईला उलट उत्तर न देणारे पप्पा तू कधी बघितलेस का? मला भीती वाटायला लागली आहे. हा माणूस असाच पडून राहणार, आणि आपण सगळे बघत राहणार.

गेल्या रविवारी दुपारी मात्र त्यांनी मला हाक मारली. "दर्शू, ती गाडी लाव की."

मला आधी कळेचना. मग म्हणाले, "माझी गाडी. कंप्युटरमधली."

मी स्टूल लावून माळ्यावरून ते धूड खाली काढलं. कॅबिनेटमध्ये एवढी धूळ की आईने झाडू घेऊनच हल्ला केला. पण चालू झालं, यार. स्टिअरिंगपण लागलं. पप्पांना दोघींनी धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी गेम सुरू होताना कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "एकाच कार्डावर हाय ही. पळायची नाही. मिथूचं कार्ड कुठंय?"

आठ वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव घेतलं त्यांनी. मिथुन नाही, मिथू.

आता तुला तो रविवार आठवतो का ते मला माहीत नाही, मला तर वासासकट आठवतो. पप्पा बेस्टच्या ड्रायव्हरकीतून रिटायर होऊन काही महिने झाले होते. पहाटे उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मग कुठे जायचं ते न कळून खिडकीत उभे राहायचे. तूच तो बसवाला गेम आणलास. कुठलं तरी परदेशातलं गाव, लाल कौलांची घरं, आणि पप्पांनी दोन दिवसांत अख्ख्या गावाचं बारसं केलं. चर्चचा स्टॉप म्हणजे पठाणवाडी, गोल चौक म्हणजे दिंडोशी कोर्ट, आणि शेवटी नदीवरचा पूल आला की म्हणायचे, आली अंधेरी. पण गाडी वळणावर अडकायची. चित्र थांबायचं, मग एकदम उडी मारायचं. पप्पा वैतागायचे. "ही गाडी वर्कशॉपला दाखव."

मग तुझी ती आयडिया. तुझ्याकडे गेमचं चित्र पळवणारं एक ग्राफिक कार्ड, माझ्या पहिल्या पगारात तूच मला घ्यायला लावलेलं अगदी तसंच दुसरं. दोन्ही एकाच मशीनमध्ये घालायची, वरून पट्टी जोडायची, की दुप्पट ताकद. लॅमिंग्टन रोडचा तो दुकानदार नवीन मदरबोर्ड दाखवत म्हणाला होता, "दो स्लॉट है, दो लगेगा, बिंदास." आपण बिंदास घेऊन आलो. हॉलमध्ये पेपर पसरून कॅबिनेट आडवं टाकलेलं, आई आतून ओरडतेय की मटण गार होतंय, आणि पप्पा टॉर्च धरून फोरमनसारखे सूचना देतायत. ती बोटाएवढी पट्टी दोन कार्डांवर बसवली तेव्हा तुझी जीभ बाहेर आली होती. दोन्ही पंखे फिरले. पप्पा दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन सगळ्यांना सांगून आले, "माझी दोन्ही पोरं एकाच गाडीला जुंपली. आता बघा कशी पळती." महिनाभर तेच सांगत होते, चहावाल्यापासून गेटवाल्यापर्यंत.

म्हणून मागते आहे. तुझं ते कार्ड अजून असेल तर कुरियर कर. तू ये असं मी म्हणत नाहीये. पप्पा त्या दिवशी काय म्हणाले ते मी पण ऐकलंय, ह्या घरात परत पाऊल टाकू नकोस म्हणून. तू टाकलं नाहीस. ठीक आहे. पण कार्डाला तर कुणी बंदी घातली नव्हती. स्टिअरिंगवर डावा हात ठेवायला तरी लागेल ना त्यांना.

दर्शू


दिंडोशी, ८ डिसेंबर २०२४

दादा, जय भीम.

कार्ड मिळालं. एक चिठ्ठी टाकायला काय हात मोडले होते तुझे? आईने सगळं पॅकिंग उलटं करून झटकलं, बबलवाल्या प्लास्टिकच्या आतसुद्धा बघितलं. मग ते प्लास्टिक घडी करून ठेवून दिलं. कशाला ते विचारू नकोस.

पण एक सांगते. मी त्या कार्डाकडे बराच वेळ बघत बसले. पंख्याच्या पात्यावर धुळीचा कण नाही. मागचे स्क्रू नवे. आतली चिप गार ठेवणारी पेस्टपण तू हल्लीच बदललीस, कडेला ताजी दिसत होती. रिपेअरिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाकडे असली कार्डं भंगारात किलोने पडलेली असतात. आता तर दोन कार्डं जोडायची पद्धतच गेली म्हणे, नवे गेम त्याला विचारतसुद्धा नाहीत. आणि तू हे जपून ठेवलंस. बरं, नाही बोलत.

परवा सहा डिसेंबर होता. पप्पा चैत्यभूमीला गेले नाहीत. मला कळायला लागल्यापासून पहिल्यांदा. डेपोतली माणसं पाण्याच्या स्टॉलला बोलवायला आली होती, पप्पांनी झोपेचं सोंग घेतलं. संध्याकाळी आईने बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली तेव्हा मात्र हाक मारून म्हणाले, मला उभं करा. वॉकर धरून वंदना होईपर्यंत उभे राहिले. पाय थरथरत होता, पण बसले नाहीत. म्हणजे ताकद आहे. मनात नाहीये, एवढंच.

काल शनिवारी कार्ड लावलं. पप्पा पलंगावरून सूचना देत होते, मिथूचं वरच्या खाचेत, दर्शूचं खालच्या. जसं होतं तसं पाहिजे. पट्टी माझ्याकडेच होती. बटण दाबलं, दोन्ही पंखे फिरले, आणि पप्पा स्वतःहून म्हणाले, "उचला मला."

त्यांना खुर्चीत बसवलं. मी त्यांचा डावा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि बोटं एकेक करून वळवली. ती तिथे राहिली, दादा. सपनाच्या व्यायामाच्या बॉलवर न राहणारी बोटं स्टिअरिंगवर राहिली. आईने पदर तोंडाला लावला. बस पहिल्या स्टॉपला उभी होती. माणसं चढली. दार बंद झालं. आणि पप्पा बसून राहिले.

मी म्हटलं, "पप्पा, चला."

मग मला आठवलं. तू त्यांच्या मागे पलंगावर बसायचास आणि चमच्याने स्टीलच्या ग्लासवर मारायचास. एक टण म्हणजे थांबा, दोन टण म्हणजे निघा. डबल बेल मिळाल्याशिवाय बेस्टचा ड्रायव्हर गाडी हलवत नाही, हे पप्पांनी आपल्याला बोबडं बोलायच्या वयात शिकवलंय. मी धावत जाऊन ग्लास आणला, मारले दोन टोले. पप्पांनी मागे वळून बघितलं आणि परत पुढे बघायला लागले. आई म्हणाली, "अवो, झाली की बेल. काढा की गाडी. माणसं खोळंबली." तिने पण दोन मारले, भाताच्या पळीने. मला हसू यायला लागलं होतं, खरं सांगते.

पप्पांनी हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. म्हणाले, "माझा कंडक्टर खाली उतरलाय. त्याला टाकून गाडी कशी काढू?"

आणि आम्हाला म्हणाले, मला परत झोपवा.

मी तुला दोष देत नाहीये. मी नुसतं काय झालं ते लिहिते आहे. आज सपना आली होती, तिला पुन्हा उद्या या म्हणाले.

दर्शू


दिंडोशी, १५ डिसेंबर २०२४

मिथुन,

आज दादा नाही, जय भीम पण नंतर. मी फार चिडले आहे आणि कुणावर ते मला नीट ठरवता येत नाहीये.

काल सुट्टी होती. मला वाटलं, बाकी काही जमत नाही तर निदान मशीन तरी झकास करून ठेवू, परत बसले तर अडकायला नको. म्हणून दोन्ही कार्डं जोडली गेली आहेत का ते बघायला सेटिंग उघडलं. तिथे जोडायचा पर्यायच नाही. दोन्ही कार्डं दिसतायत, पण जोडा असं म्हणायची सोयच नाही. वाटलं, तुझं कार्ड गेलं. एकटं लावून बघितलं, मस्त चालतंय. माझं एकटं लावलं, तेही चालतंय. मग मदरबोर्डचं नाव फोनवर शोधलं. कुठल्या तरी जुन्या फोरमवर मुलुंडचा कुणी धवल त्याच बोर्डाच्या नावाने बोटं मोडत होता. दोन खाचा आहेत, पण जोडी चालते ती फक्त दुसऱ्या कंपनीच्या कार्डांची. आपल्यासारखी दोन घातली तर एक काम करतं, दुसऱ्याचा नुसता पंखा फिरतो.

म्हणजे कधीच जोडली गेली नव्हती. एक दिवससुद्धा नाही.

मी आधी हसले. लॅमिंग्टन रोडच्या त्या बिंदासवाल्याला शिव्या घातल्या. मग विचार आला, मग त्या रविवारी गाडी सुरळीत कशी काय पळायला लागली? तीच बस, तेच गाव, सकाळी अडकत होती आणि संध्याकाळी लोण्यासारखी. मी गेममधलं सेटिंग उघडलं. सावल्या बंद. झाडं सगळ्यात कमी. पाऊस, पाण्यातली प्रतिबिंबं, लांबची घरं, सगळं अगदी तळाला नेऊन ठेवलेलं. एकच गोष्ट पूर्ण वर होती, बसचे आरसे. मी झाडं आणि सावल्या परत चढवल्या, आणि पहिल्याच वळणावर गाडी अडकली. तशीच, जशी आधी अडकायची.

तेव्हा मला पप्पांचं त्या दिवशीचं वाक्य आठवलं. पहिली फेरी मारताना ते म्हणाले होते, "झाडं कमी झाली रं रस्त्यावरची. महापालिकेनं तोडली वाटतं." आणि तू केवढ्याने हसलास. तेवढं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तुला त्याच दिवशी कळलं होतं. आम्ही आत मटण वाढून घेत होतो तेव्हा तू एकटा मशीनपाशी बसला होतास. तुला कळलं की दोन कार्डं जुळत नाहीत, आणि तू गुपचूप रस्त्यावरची झाडं काढून टाकलीस. आरसे ठेवलेस, कारण आरसा नसेल तर पप्पा गाडी काढणार नाहीत. आणि मग पप्पा डेपोभर सांगत सुटले, माझी दोन्ही पोरं एकाच गाडीला जुंपली, आणि तुझं तोंड बंद झालं.

बरं, इथपर्यंत मला समजतं. पण मूर्खा, मग तुझं कार्ड काढून तुझ्या मशीनला परत का नाही लावलंस? दोन वर्षं ते पप्पांच्या कॅबिनेटमध्ये रिकामं फिरत होतं आणि तुझं मशीन कार्डाशिवाय पडून होतं. त्याच्यावर साधा एक गेम चालत नव्हता. तू काय करायचास खोलीत बसून? लोकांचे बिघडलेले बोर्ड आणायचास आणि सोल्डरिंग करायचास. मी वास घेतलाय ना त्याचा. आम्हाला वाटायचं, खेळतोय.

आणि इंजिनिअरिंग सोडतो म्हणालास त्या दिवशी पप्पा काय म्हणाले? "गेम खेळून खेळून वाया गेलास. माझ्या घरात बसून खेळ चाललेत तुझे." तू एका वाक्यात गप्प करू शकला असतास त्यांना. माझं कार्ड तुमच्या गाडीत आहे पप्पा, मी कशावर खेळणार? एवढंच. तू नाही बोललास. पप्पा म्हणाले, परत पाऊल टाकू नको, आणि तू स्क्रूड्रायव्हर घेतलास. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो आणि तू शांतपणे एकेक स्क्रू काढत होतास. मला तेव्हा वाटलं, किती ही खुन्नस, जाताना बापाची गाडी लंगडी करून चाललाय. आता मला कळतंय, तू फक्त तुझी वस्तू नेलीस. गाडीला काहीच होणार नव्हतं, आणि ते फक्त तुलाच माहीत होतं.

तरी झालं, ते ऐक. तू गेल्यावर मशीन होतं तसंच चालत होतं, पण पप्पा दोन दिवस बसले आणि म्हणाले, आता पूर्वीसारखी पळत नाही. मग बसायचं सोडलं. मीच मशीन माळ्यावर टाकलं.

मी त्यांना हे सगळं सांगणार आहे. तुझं काय म्हणणं असेल ते कळव, पण लवकर.

दर्शना


दिंडोशी, २९ डिसेंबर २०२४

दादा, जय भीम.

तुझा मेसेज आला. एवढ्या वर्षांनी माझ्या फोनवर तुझं नाव, आणि त्याखाली एकच शब्द, 'नको'.

मी सांगितलं. तुझ्या 'नको'ला मी लहानपणापासून कधी विचारलंय?

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर पलंगाशी खुर्ची घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. पप्पा भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. मध्येच वळले. मग गॅरेजात गाडी बघायला आल्यासारखे प्रश्न विचारायला लागले.

"म्हणजे दुसऱ्याचा पंखा नुसताच फिरत होता?"

"हो."

"कार्ड त्याचं होतं, म्हणजे त्याच्या मशीनला काय होतं?"

"काही नव्हतं, पप्पा."

"मग तो खेळायचा कशावर?"

आई दारात उभी होती, हातातलं ताट तसंच. पप्पा म्हणाले, "झाडं त्यानं काढली. महापालिकेनं नाही." मग, "आरसे ठेवले."

आणि पप्पा रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आज्जी गेली तेव्हा पण नाही. डाव्या गालावर अजून संवेदना नाही, त्यामुळे त्या बाजूचं पाणी त्यांना कळत नव्हतं, ते उजवाच गाल पुसत होते. आई ताट खाली ठेवून आली आणि तिने डावा पुसला. तिने मला खुणेने बाहेर जायला सांगितलं. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि मीपण रडून घेतलं. तुझ्यावर अजून राग आहेच. पण तुझी इतकी आठवण आली की मला तो राग नीट धरता येईना.

संध्याकाळी चहा देताना मी म्हटलं, "पप्पा, मिथुनला फोन लावू? ये म्हणून सांगा."

"नको," ते म्हणाले. तुम्ही दोघं एकाच मापाचे.

मग कप अर्धा झाल्यावर म्हणाले, "कुरियरवर पत्ता असंल ना त्याचा? कितव्या मजल्यावर राहतो?"

मी बघून सांगितलं, दुसरा मजला. आईने सांगितलं, लिफ्ट नाही, जिना आहे.

पप्पांनी कप ठेवला. "त्या सपनाबाईला फोन लाव. म्हणावं, उद्या नको, आजच येऊन जा."

रविवार होता, ती बिचारी कांदिवलीला भावाच्या साखरपुड्यात होती. सोमवारी आली. तेव्हापासून रोज येते, आणि पप्पा तिला लवकर सोडत नाहीत. कशासाठी चाललंय हे, विचारलं तर सांगत नाहीत. आई म्हणते, गप बस, करतायत ते करू दे.

दर्शू


दिंडोशी, २६ जानेवारी २०२५

दादा, जय भीम.

आता कळलं कशासाठी चाललंय ते. नीट बसून वाच.

गेल्या आठवड्यात आईनेच विषय काढला. म्हणाली, "एवढा व्यायाम करताय, एवढं मनात हाय, तर पोराला एक फोन करा. ये म्हणा घरी. तोंडानं बोलला होता, तोंडानंच मागं घ्या."

पप्पा म्हणाले, "म्या फोन केला तर तो येईल. लगेच येईल, मला माहीत हाय. आठ वर्षं झाली, म्या बोलावलं म्हणून तो आला, असं व्हाया नको. पाऊल टाकू नको असं म्या म्हणालो होतो, त्यानं टाकलं नाही. पोरगं शब्दाचं पक्कं निघालं. आता चाल माझी हाय. त्यानं मला कुठं मनाई केलीय? मीच जातो."

आई म्हणाली, "जातो म्हणजे? कसं?"

"एसटीनं. बोरिवलीवरनं गाडी हाय. ड्रायव्हरच्या मागची सीट काढा."

मी म्हटलं, पप्पा, नाशिक म्हणजे चार-पाच तास, आणि वर दोन मजले जिना. तर म्हणाले, जिना चालू केलाय मी. खरंच केलाय. मी कामावर गेले की आई आणि सपना त्यांना आपल्या बिल्डिंगच्या जिन्यावर नेतात. पहिल्या दिवशी तीन पायऱ्या चढले आणि बसले. शेजारच्या रुक्मिणीकाकू खुर्ची घेऊन धावल्या तर त्यांच्यावर खेकसले. आता एक मजला पूर्ण होतो. सपनाने त्यांना मुद्दाम डाव्या हाताने कठडा धरायला लावलंय, ती बोटं आता धरतात, सोडतात, पुढे सरकून परत धरतात. काल संध्याकाळी मी घरी आले तर पप्पा जिन्यात उभे, घामाने भिजलेले, आणि मला म्हणाले, "अजून एक मजला राहिला. होईल."

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हळूहळू जात असतील तर न्या, याच्याइतकं औषध माझ्याकडे नाही.

तर ९ फेब्रुवारी, रविवार. सकाळची गाडी. मी, आई आणि पप्पा. तिकिटं काढली. पप्पांनी बजावलंय, मिथूला सांगू नको, उगाच तो निघून इकडं येईल. मी सांगते आहे, कारण तू त्या दिवशी दुकान उघडून बसलास आणि घराला कुलूप असलं तर मी तुला जिवंत ठेवणार नाही. पण स्टँडवर घ्यायला येऊ नकोस. खाली जिन्याशी येऊन हात पण धरू नकोस. त्यांना स्वतः चढून तुझ्या दारात यायचंय. वेळ लागेल. वर उभा राहा आणि वाट बघ, आठ वर्षं आम्ही बघितली तशी.

ते येऊन काय बोलतील मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही, पाणी दे म्हणतील. तू पण मोठं काही बोलायला जाऊ नकोस. पाणी दे.

आई भाकऱ्या आणि ठेचा आणतेय, तू जेवायचं काही करू नकोस.

एकच काम कर. मेसेज केलास तरी चालेल, एका शब्दात उत्तर द्यायची तुला सवय आहेच. पप्पांना डाव्या हाताने कठडा धरून चढायची सवय झालीय. उजव्या बाजूला असेल तर आठ दिवसांत उजव्याने चढायची प्रॅक्टिस करून घ्यावी लागेल. तुझ्या जिन्याचा कठडा चढताना कुठल्या हाताला येतो, तेवढं कळव.

दर्शू